साठ ऑर्डरी, चोवीस माग आणि एक जुना लॅपटॉप: सिम्युलेशनवर जेनेटिक अल्गोरिदम कसा चालवायचा

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत मामांचा टेरी टॉवेलचा कारखाना आहे, चोवीस माग, आणि कुठल्या मागावर कुठली ऑर्डर कधी चढवायची हे इतकी वर्षं मामांच्या डोक्यात आणि ऑफिसातल्या एका फळ्यावर चालायचं. फळा पुसला गेला की शेड्यूल गेलं. मामांना बीपीचा त्रास सुरू झाल्यावर मामी म्हणाल्या की बाबा तू एवढं कॉम्प्युटर शिकलास तर यांचं हे डोकं खाणं बंद कर, आणि तिथनं हा उद्योग माझ्या गळ्यात पडला. मी काय डेटा सायंटिस्ट वगैरे नाय, पायथन बऱ्यापैकी येतं एवढंच. पण दोनदा सपशेल आपटून तिसऱ्यांदा चाललं, म्हणून जे शिकलो ते सरळ लिहितो, कुणाला चादरीच्या कारखान्यात, ऊसतोडणीच्या ट्रॅक्टरात, टँकरच्या फेऱ्यात कशातही वापरता येईल. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून गोल केलेत, तुमचे तुम्ही टाका.

आधी प्रॉब्लेम किती मोठाय ते बघू. ६० ऑर्डरी एका रांगेत लावायचे प्रकार किती, तर ६० फॅक्टोरियल, म्हणजे ८ लिहून पुढं ८१ आकडे. आणि ही नुसती रांग झाली, कुठला माग हे अजून यात आलंच नाही. सगळे प्रकार तपासून बघू म्हणाल तर आपली नातवंडं पण म्हातारी होतील. मामा सुद्धा सगळे तपासत नव्हतेच, ते अंदाजानं एक बऱ्यापैकी रांग लावायचे आणि मग त्यात हे इकडं ते तिकडं करत बसायचे. जेनेटिक अल्गोरिदम (पुढं नुसतं जीए म्हणतो) तेच करतो, फक्त एका रांगेऐवजी शंभर रांगा घेऊन, न थकता, न चिडता.

पण थांबा, तुमच्या प्रॉब्लेमला हे लागतं का ते पहिलं बघा. सगळं सरळ हिशोबात बसत असेल, म्हणजे इतका धागा, इतके तास, नफा इतका, आणि दुप्पट केलं की दुप्पट होतं अशा टाइपचं, तर लिनियर प्रोग्रामिंग वापरा, ते सेकंदात अचूक उत्तर देतं आणि हेच बेस्ट आहे याची खात्री पण देतं. जीए कसलीच खात्री देत नाही. एक्सेलच्या सॉल्व्हरमध्ये पण सिम्प्लेक्स (हे लिनियरवालं) आणि इव्होल्यूशनरी (हे जीएसारखं) असे दोन्ही ऑप्शन असतात, लहान प्रॉब्लेम असेल तर आधी तिथंच खेळून बघा. आमच्याकडं गडबड अशी की माग मध्येच बंद पडतो, धागा तुटतो, बीम (ताण्याचा धागा गुंडाळलेला मोठा रूळ) जोडणारे दोघंच, ते एका मागावर अडकले की बाकीचे रिकामे उभे. हे सूत्रात बसत नाही. सूत्र लिहिता येत नाही पण नक्कल करता येते, अशा ठिकाणी सिम्युलेशन आणि जीए ही जोडी कामाची.

जोडीचं काम कसं चालतं ते एका दमात सांगतो. जीए एक शेड्यूल सुचवतो, सिम्युलेशन ते शेड्यूल खोट्या कारखान्यात महिनाभर चालवून बघतं आणि सांगतं की एवढ्या ऑर्डरी लेट, एवढे तास माग रिकामे, जीए त्याला मार्क देतो, असे शंभर शेड्यूल तपासले की चांगल्या मार्कवाल्यांची पोरं काढतो, पोरांत थोडी मोडतोड करतो, परत तपासतो, आणि हे दोन-तीनशे पिढ्या. झालं. सिम्युलेशनच्या आत काय चाललंय याच्याशी जीएला काही घेणंदेणं नाही, त्याला फक्त शेवटचा आकडा पाहिजे.

ही कल्पना कॉम्प्युटरपेक्षा जुन्या पद्धतीनं पण झालीय. १९६४ ला बर्लिनच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीत इंगो रेखेनबर्ग या पोरानं सहा पट्ट्या बिजागरीनं जोडून वाऱ्याच्या बोगद्यात ठेवल्या. पाच बिजागऱ्या, प्रत्येकीला ५१ कोन, म्हणजे ३४ कोटी ५० लाखाच्या वर आकार. हवेचा अडथळा सगळ्यात कमी कुठल्या आकाराला, हे शोधायला तो रँडम आकड्यांनी बिजागऱ्या थोड्या थोड्या हलवायचा, सुधारलं तर ठेवायचं, बिघडलं तर मागचं परत. नागमोडीपासनं सुरू केलं आणि पट्टी हळूहळू सपाट झाली, जे उत्तर सगळ्यांना आधीच माहीत होतं, पण मुद्दा तोच होता ना, की पद्धत ते स्वतःहून शोधते का. त्याचं सिम्युलेशन म्हणजे खराखुरा बोगदा. तिकडं अमेरिकेत मिशिगनमध्ये जॉन हॉलंड हेच वेगळ्या वाटेनं करत होते, त्यांचं पुस्तक १९७५ चं, जेनेटिक अल्गोरिदमचा पाया तोच मानतात. आणि २००६ ला नासाच्या एसटी-५ या छोट्या उपग्रहांवर जी अँटेना गेली ती अशीच उत्क्रांत केलेली, दिसायला यू-पिन कुणीतरी रागानं वाकवल्यासारखी, कुठल्या इंजिनिअरनं हातानं कधीच काढली नसती. ती पण आधी सिम्युलेशनमध्येच वाढली.

आता कामाचं. सगळ्यात जास्त वेळ कुठं द्यायचा? सिम्युलेशनवर. जीए लिहायला एक रविवार लागतो, सिम्युलेशन खरं व्हायला मला चार महिने लागले. मी पहिल्यांदा उलटं केलं, जीएवर जीव ओतला आणि सिम्युलेशन दोन तासात उरकलं, आणि त्याचं फळ मिळालं.

सिम्युलेशन

पायथनमध्ये सिमपाय म्हणून फुकट लायब्ररी आहे, डिस्क्रीट इव्हेंट सिम्युलेशनसाठी. डिस्क्रीट इव्हेंट म्हणजे घड्याळ सेकंद सेकंद पुढं सरकत नाही, एका घटनेवरनं थेट पुढच्या घटनेवर उडी मारतं: बीम संपलं, जोडणारा आला, माग सुरू झाला, धागा तुटला. त्यामुळं अख्खा महिना डोळ्याची पापणी लवायच्या आत संपतो. यात माग, बीम जोडणारे, डाइंगची मशीन हे सगळे रिसोर्स म्हणून टाकायचे, म्हणजे एकाला काम मिळालं की दुसरा रांगेत थांबतो. ही रांगच महत्त्वाची, सगळा खेळ रांगेत आहे.

काय काय टाकलं ते सांगतो, म्हणजे तुमच्या धंद्यात काय शोधायचं ते कळंल. टेरी टॉवेलला दोन ताणे लागतात, एक जमिनीचा आणि एक लूपचा, म्हणजे एका मागावर दोन बीम, आणि दोन्ही एकाच वेळी संपत नाहीत. त्याच डिझाइनचं बीम परत चढवायचं असेल तर जुन्या टोकांना नवीन टोकांच्या गाठी मारल्या की झालं, पण फणी किंवा डिझाइन बदलायचं असेल तर ओवणी, म्हणजे एकेक धागा ओवणं, पहिल्यापासनं, त्याला कितीतरी जास्त वेळ. डाइंगमध्ये फिक्क्या रंगाकडनं गडदकडं गेलं तर मशीन थोडक्यात धुवून भागतं, पण मरूननंतर पांढराच्या जवळचा रंग घ्यायचा असेल तर घासून घासून धुवायचं, वेळ पण गेला आणि पाणी पण, आणि सोलापुरात पाण्याची किंमत मी सांगायला नको, नळाला किती दिवसांनी येतं ते घरोघरी माहितीय. म्हणजे दोन ऑर्डरींचा खर्च त्या कुठल्या क्रमानं आल्या यावर ठरतो. एकट्या ऑर्डरीचा खर्च असा काही नसतोच.

मग रँडमपणा. इथं सरासरी वापरू नका, मी हात जोडतो. रोज सरासरी एवढा वेळ माग बंद असतो असं टाकलं की कागदावर सगळं वेळेत होतं, कारण सरासरीत दोन माग एकदम कधी बंद पडतच नाहीत. खऱ्या आयुष्यात पडतात. मी काय केलं, मुकादमकाकांच्या बंद पडण्याच्या रजिस्टरमधले सहा महिन्यांचे आकडे टाइप केले (कंटाळा आला, भाचीला चॉकलेट देऊन निम्मे तिच्याकडनं करून घेतले) आणि सिम्युलेशनला सांगितलं की डब्यातनं चिठ्ठी उचलावी तसा यातला एक आकडा दर वेळी उचल. कुठलं डिस्ट्रिब्युशन बसतं वगैरे भानगड नाही, जे घडलं तेच परत घडू शकतं एवढंच. रजिस्टर नसेल तर आजपासनं ठेवा, दोन महिन्यांनी परत या.

कॅलेंडर विसरू नका. संक्रांतीला सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा, त्या दिवसात निम्मी हजेरी. नारळी पौर्णिमेला मार्कंडेय महाराजांचा रथ निघतो, त्या दिवशी पूर्व भागात माग चालतील असं धरणारं सिम्युलेशन सोलापूरचं नाहीच. मी पहिल्या व्हर्जनमध्ये फक्त रविवार टाकले होते.

आता ते आपटल्याचं सांगतो. पहिल्यांदा जीए चालवला, सकाळी बघतो तर लेट ऑर्डरी शून्य. शून्य! मी खूश, प्रिंट काढून कारखान्यात गेलो, मुकादमकाकांनी चष्मा लावून दोन मिनिटं वाचलं आणि म्हणाले, "हे रात्री दोनला सात मागावर एकदम बीम जोडायचं लिवलंय, कोण जोडणार? तू येणारैस का बे?" मी बीम जोडणाऱ्यांची संख्याच टाकली नव्हती, म्हणजे सिम्युलेशनच्या हिशोबात ते अमर्याद होते आणि चोवीस तास जागे होते. जीएला हे कुणी सांगितलं नव्हतं, त्यानं ते स्वतःहून हुडकून काढलं आणि सगळे बदल नेमके तिथं कोंबले. हीच गोष्ट डोक्यात पक्की करा: तुमच्या सिम्युलेशनमध्ये एक जरी भोक असेल तर जीए उंदरासारखा बरोबर त्याच भोकातनं जाणार. भोक बारीक असेल तर जरा जास्त पिढ्या लागतील, पण जाणार. कार्ल सिम्सनं १९९४ ला कॉम्प्युटरमध्ये पोहणारे-चालणारे प्राणी उत्क्रांत केले होते, त्यातले काही प्राणी पण असेच फिजिक्सच्या कोडमधल्या चुकांचा फायदा घेऊन पळायचे. म्हणजे आपण एकटेच येडे नाही.

म्हणून जीएला हात लावायच्या आधी दोन परीक्षा घ्या. एक, गेल्या महिन्यात खरंच जे शेड्यूल चाललं ते जसंच्या तसं सिम्युलेशनला द्या आणि डिस्पॅचच्या तारखा ताडून बघा. शंभर वेळा चालवा, खरी तारीख त्या शंभराच्या पसाऱ्यात कुठंतरी पडली पाहिजे, दर वेळी एकाच बाजूला चुकत असेल तर काहीतरी राहिलंय. माझं दर वेळी चार दिवस आधी संपायचं, शोधता शोधता कळलं की शिलाई-पॅकिंग मी धरलंच नव्हतं. दोन, सिम्युलेशनच्या एका दिवसाची घटनांची यादी साध्या मराठीत छापा, "९ वाजून ४० मिनिटं, ७ नंबरचा माग बंद, जोडणारा ३ नंबरवर, थांबला", असं, आणि जो माणूस रोज तिथं उभा असतो त्याला वाचायला द्या. चहा पाजा. तो दहा मिनिटात ज्या चुका काढंल त्या तुम्हाला कोडमध्ये महिनाभर दिसणार नाहीत.

शेड्यूलला जीन कसं करायचं

जीएला शेड्यूल कळत नाही, त्याला आकड्यांची माळ कळते. आपली माळ म्हणजे ऑर्डरींचे नंबर कुठल्या क्रमानं घ्यायचे ते. माग कुठला हे मी माळेत टाकलंच नाही, त्याऐवजी नियम केला: माळेतली पुढची ऑर्डर घ्या, ती ज्या मागावर सगळ्यात आधी पुरी होईल तिथं टाका. याला डीकोडर म्हणतात, आणि यानं शोधायची जागा प्रचंड कमी होते. तोटा असा की काही शेड्यूल या नियमानं बनूच शकत नाहीत, कदाचित एखादं भारी शेड्यूल त्यातच असेल. मी तो तोटा सोसला.

माळ मिसळताना एक ठेच लागते. पुस्तकातली साधी मिसळण म्हणजे बापाची पहिली अर्धी माळ, आईची दुसरी अर्धी. आपल्याकडं ते केलं तर ३ नंबरची ऑर्डर दोनदा येते आणि ५ नंबरची गायबच, गिऱ्हाईक बोंबलणार. म्हणून ऑर्डर क्रॉसओव्हर वापरा (क्रॉसओव्हर म्हणजे मिसळणच). आठ ऑर्डरींवर दाखवतो, कागद घ्या. पहिली माळ १ २ ३ ४ ५ ६ ७ ८, दुसरी ५ ३ ८ १ ७ २ ६ ४. पहिलीतला मधला तुकडा, तिसरी ते पाचवी जागा, म्हणजे ३ ४ ५, तसाच पोराला द्या. आता दुसऱ्या माळेत सहाव्या जागेपासनं वाचायला लागा, शेवट आला की परत पहिल्यापासनं, आणि ३, ४, ५ आले की वगळा: उरतात २ ६ ८ १ ७. हे पोराच्या सहाव्या जागेपासनं भरा, शेवटी पोचला की पुढनं सुरू. पोर तयार: १ ७ ३ ४ ५ २ ६ ८. सगळे आठ, एकदाच. मधला तुकडा आख्खा जातो हे आपल्या फायद्याचं, कारण फिक्का-मध्यम-गडद अशी चांगली जमलेली साखळी तुटत नाही.

हे जमत नसेल तर सोपा जुगाड पण आहे, रँडम की म्हणतात, प्रत्येक ऑर्डरीला ० ते १ मधला एक आकडा द्या आणि लहान-मोठा क्रम लावा, तोच शेड्यूलचा क्रम. मग कसंही मिसळा, काही दुबार होत नाही.

म्युटेशन म्हणजे दोन ऑर्डरींची अदलाबदल, नाहीतर एक उचलून दुसरीकडं घालायची. आमच्याकडं उचलून घालणं जास्त चाललं. निवड टूर्नामेंटनं: कुठलेही तीन उचला, त्यात ज्याचे मार्क भारी तो बाप. आणि दर पिढीतले सगळ्यात चांगले एक-दोन जसेच्या तसे पुढं न्या, नाहीतर चांगलं सापडलेलं हातचं जातं. हे सगळं डीप (DEAP) नावाच्या पायथन लायब्ररीत तयार मिळतं, पण एकदा हातानं लिहा, शंभरेक ओळी होतात, आणि नंतर बिघडलं तर कुठं बिघडलं ते कळतं.

मार्क कसे द्यायचे

हे कोडिंगचं काम नाही, मामांसोबत बसायचं काम आहे. माझी दुसरी आपटी इथली. मी ठेवलं होतं की लेट ऑर्डरी मोजा, जितक्या कमी तितकं चांगलं. जीए काय शिकला? एखादी ऑर्डर तशीही एक दिवस लेट होणारच असेल तर तिला पार शेवटी ढकल, चाळीस दिवस लेट कर, कारण मार्क दोन्हीला सारखेच कापले जातात. बघितलं तर बरोबरच होतं त्याचं. मी जे विचारलं त्याचंच उत्तर दिलं. त्या गिऱ्हाइकाला मात्र फोनवर तोंड मामांना द्यावं लागलं असतं.

मग सगळं रुपयात आणलं. दिवसाला लेट किती नुकसान, कुठलं गिऱ्हाईक रागावून जातं आणि कुठलं "चालतंय की ओ" म्हणतं, माग तासभर रिकामा राहिला तर किती, मशीन एकदा घासून धुतलं तर किती. मामांनी सुरवातीला सगळ्यालाच "लै महत्त्वाचं" म्हटलं, मग मी जोड्या लावून विचारलं, हा दोन दिवस लेट की तो एक दिवस, कुठला परवडेल? असं विचारलं की माणूस खरं सांगतो. आणि न चालणाऱ्या गोष्टींना, म्हणजे धागा आलेलाच नसताना ऑर्डर चढवणं वगैरे, दंड लावत बसण्यापेक्षा डीकोडरमध्येच अडवा.

रुपयात आणणं पटत नसेल तर दोन उद्दिष्टं वेगळी ठेवता येतात. त्यासाठी एनएसजीए-टू, हा जीएचाच एक प्रकार, कल्याणमय देब आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी आयआयटी कानपूरला केलेला, २००२ चा पेपर, जगभर वापरतात. तो एक उत्तर देत नाही, उत्तरांची रांग देतो: हे घ्या कमी लेट पण पाणी जास्त, हे घ्या पाणी कमी पण दोन ऑर्डरी लेट, आणि रांगेतलं कुठलंच दुसऱ्यापेक्षा दोन्ही बाबतीत सरस नसतं. पायमू लायब्ररीत आहे. आम्ही उन्हाळ्यात हे वापरतो आणि मामा रांगेतनं बोट ठेवतात. एरवी रुपयेच.

नशिबाचा खेळ

रँडम सिम्युलेशनमुळं एक शेड्यूल एकदा चालवलं तर नुकसान ४० हजार, परत चालवलं तर ७० हजार. मग खरं कुठलं? आणि हजारो शेड्यूल एकेकदाच चालवले तर जिंकणारा हा सगळ्यात चांगला नसून सगळ्यात नशीबवान असतो. लॉटरी लागलेल्याला धंदा कसा करायचा विचारण्यासारखं. म्हणून प्रत्येक शेड्यूल निदान दहा वेळा चालवून सरासरी घ्या. किती वेळा चालवायचं याचा हिशोब कडू आहे: डगमग निम्मी करायची तर रन चौपट करावे लागतात.

एक युक्ती यात पैसे वाचवते. एका पिढीतल्या सगळ्या शेड्यूलांना तेच दहा रँडम सीड द्या (सीड म्हणजे ज्यावरनं रँडम आकड्यांची मालिका ठरते तो सुरवातीचा आकडा), आणि प्रत्येक मागाला त्याची वेगळी मालिका, म्हणजे सगळ्यांना तीच बिघाडं, तीच धागातूट. सगळ्या पोरांना एकच पेपर, मग तुलना खरी होते. पण पुढच्या पिढीत पेपर बदला, नाहीतर जीए त्या दहा पेपरांची उत्तरं पाठ करतो. मी नव्हता बदलला, जीएनं नेमका १९ तारखेला बंद पडणारा माग आधीच रिकामा ठेवला होता, जणू त्याला स्वप्न पडलं. सीड बदलले की मागच्या पिढीतनं आलेल्या टॉपरची पण परीक्षा परत घ्या, जुने मार्क चालवू नका. आणि शेवटी जे पाच-सहा उरतील त्यांना अजिबात न बघितलेल्या दोनशे सीडवर चालवा, तो आकडा खरा धरा. तो बहुतेक वेळा आधीच्यापेक्षा वाईट येतो, घाबरू नका.

वेळेचा हिशोब आधीच घाला. १०० शेड्यूल, २०० पिढ्या, १० सीड, झाले २ लाख रन. एका रनला ०.०५ सेकंद धरला तर १० हजार सेकंद, पावणेतीन तासाच्या आसपास. माझ्या लॅपटॉपला आठ कोर आहेत, मल्टिप्रोसेसिंगनं सगळ्यांना वाटून दिलं तर कागदावर २१ मिनिटं, प्रत्यक्षात जरा जास्त. जीए वाटून द्यायला फार सोपा, कारण एका शेड्यूलला दुसऱ्याचं काही पडलेलं नसतं. तुमचं सिम्युलेशन एका रनला मिनिटं खात असेल तर मात्र पिढ्या कमी करा आणि आधीचे रन वापरून अंदाज सांगणारं स्वस्त मॉडेल मध्ये बसवा, फक्त आशादायक वाटतील तेच खऱ्या सिम्युलेशनला द्यायचे. मला ते लागलं नाही. आणि एक, तुमचे व्हेरिएबल क्रम नसून सरळ आकडे असतील, तापमान, डोस, वेग असले, तर हे क्रॉसओव्हर वगैरे सोडा आणि डिफरेन्शिअल इव्होल्यूशन किंवा सीएमए-ईएस घ्या, या आकड्यांसाठीच्याच उत्क्रांतीच्या पद्धती, तयार मिळतात, सेटिंगचा ताप कमी.

कशाशी तुलना करणार? हे न करणारे लोक लै आहेत. जीएनं ३० टक्के सुधारणा केली म्हणतात, कशापेक्षा? तीन गोष्टी शेजारी ठेवा. मामांचं फळ्यावरचं शेड्यूल, दुसरं साधा नियम, ज्याची तारीख आधी ती ऑर्डर आधी, आणि तिसरं तेवढेच २ लाख रन नुसत्या रँडम माळांवर खर्च करून मिळालेलं बेस्ट. रँडमला पण जीए हरवू शकत नसेल तर कोडमध्ये बग आहे. माझ्याकडं साध्या नियमानं रँडमला सहज हरवलं, आणि मामांनी साध्या नियमाला. मामांना हरवायला जीएला वेळ लागला, आणि ते पण तेव्हाच जमलं जेव्हा मी पहिल्या पिढीत मामांचं शेड्यूल टाकलं, शंभरात एक. जास्त टाकू नका, नाहीतर चार पिढ्यात सगळे मामाच होतात.

तसंही ते होतंच कधी कधी, म्हणजे पन्नासाव्या पिढीत बघावं तर शंभरच्या शंभर माळा सारख्या. मग कितीही चालवा, सगळे भाऊ-भाऊ, नवीन काही येत नाही. म्हणून दर पिढीला वेगळ्या माळा किती उरल्यात तो आकडा छापा, मार्कांइतकाच तो महत्त्वाचा. फार घसरला तर टूर्नामेंट तीनाऐवजी दोघांची करा, म्युटेशन वाढवा, किंवा सरळ वरचे पाच ठेवून बाकी सगळे नवे रँडम भरा. आणि एका रनवर विश्वास नको, पाच वेगळ्या रात्री पाच वेळा चालवा, पाचही वेळा जवळपास सारखा खर्च आला की मग झोप लागते.

कारखान्यात नेताना

महिन्याचं शेड्यूल एकदा काढून महिनाभर चालवायचं, हे विसरा. तिसऱ्या दिवशी धाग्याचा ट्रक येत नाही आणि सगळं बोंबलतं. आम्ही रोज पहाटे परत चालवतो, कालपर्यंत खरं काय झालं ते भरून, आणि कालच्या रात्रीचे चांगले शेड्यूल आजच्या पहिल्या पिढीत टाकून, त्यामुळं शून्यापासनं शोधावं लागत नाही. पण पहिले दोन दिवस गोठवलेले, जीएला तिथं हात लावायची परवानगी नाही. सुरवातीला हे नव्हतं, तर रोज सकाळी नवीनच शेड्यूल यायचं, दोनशे रुपयाच्या फायद्यासाठी काल चढवायला काढलेलं बीम आज परत ठेवा, आणि बीम जोडणारे दोघं माझ्याकडं असं बघायचे की सांगता सोय नाही. आता बदलालाच थोडा दंड लावलाय.

सकाळी सातला रन संपतो, मी पहिल्या दोन दिवसांचं व्हॉट्सॲपवर टाकतो, मुकादमकाका ते खडूनं फळ्यावर उतरवून घेतात (फळा गेलेला नाही, मामांचा जीव आहे त्यावर) आणि एखाद-दुसरी ऑर्डर स्वतःच्या मनानं बदलतात. आधी मला राग यायचा. आता मी बदललेली ऑर्डर लिहून ठेवतो आणि संध्याकाळी विचारतो का म्हणून, कारण बहुतेक वेळा त्यामागं सिम्युलेशनमध्ये नसलेलं काहीतरी निघतं. गेल्या पावसाळ्यात त्यांनी पांढऱ्या टॉवेलची ऑर्डर ११ नंबरवरनं दोनदा काढली, विचारलं तर म्हणाले, "वर बघ की बे, पत्रा गळतोय."